मास्टर सिलिंडर कसा निवडावा: राळेगावच्या नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे? ज्यांच्या गोठ्यात कुटाराच्या ढिगामागे आजोबांची बुलेट सापडली आहे, त्यांच्यासाठी. ज्यांनी कापसाचे पैसे हातात येताच कुणाची तरी राजदूत ३५० उचलली आणि घरी 'सेकंड हँड आहे, स्वस्तात मिळाली' एवढंच सांगितलं, त्यांच्यासाठी. आणि ज्यांना अशा दोघांपैकी कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून यवतमाळला जावं लागतं, त्यांच्यासाठी तर खासच.

आधी विंटेज म्हणजे काय ते ठरवू. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम काढला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि ती रोजच्या कामाला बाहेर काढायची नसते. या हिशेबाने १९८३ची राजदूत ३५० ही २०३३ उजाडेपर्यंत नुसतीच जुनी आहे. राळेगावची व्याख्या याहून सोपी आहे. जिचा पार्ट मागितल्यावर दुकानदार आधी हसतो आणि मग चहा मागवतो, ती गाडी विंटेज. आपण हीच व्याख्या धरून चालू.

साहित्य: एक व्हर्निअर कॅलिपर (लेथवाल्याकडून उसना), न फोडलेल्या डब्यातलं ब्रेक ऑइल, पारदर्शक नळी, रिकामी बाटली, तांब्याचे नवे वॉशर आणि सल्ला न देणारा एक मित्र. शेवटची वस्तू तालुक्यात मिळत नाही. तिच्याशिवाय भागवावे.

पायरी पहिली: गाडीला मास्टर सिलिंडर आहे का ते पाहावे

ही पायरी जवळपास सगळे जण गाळतात. हँडलच्या उजव्या बाजूला, ब्रेकच्या लिव्हरला चिकटून, तेलाची एक छोटी डबी दिसते का पाहा. दिसली तर तिच्या पोटाखालचा आडवा भाग म्हणजे मास्टर सिलिंडर. डबी नाही, आणि लिव्हरमधून एक केबल निघून मुकाट्याने चाकाकडे उतरते आहे, असं आढळलं तर तुमच्या गाडीला ड्रम ब्रेक आहे. मास्टर सिलिंडर नाही, त्यामुळे निवडण्याचा प्रश्नही नाही. तुमचं काम झालं. हा कागद शेजाऱ्याला द्या.

राळेगावात धूळ झटकून बाहेर निघणाऱ्या गाड्या बहुतेक याच गटातल्या. १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेली एनफिल्ड बुलेट घ्या, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने बेतलेली राजदूत १७५ घ्या, नाहीतर म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी घ्या. तिघींचे ब्रेक केबल आणि सळीच्या भरवशावर. होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० ला पुढे हायड्रॉलिक डिस्क देऊन जगाला सवय लावली, पण आपल्या रस्त्यांवर ती सर्रास दिसू लागली ती १९९९ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ची पल्सर आल्यावर. म्हणजे आपल्याकडे विंटेज गाडीचा मास्टर सिलिंडर शोधणारा माणूस बहुतेक वेळा गाडीला जन्मापासून नसलेला अवयव शोधत असतो.

अशा माणसाने पाकिटाला हात घालण्याआधी ड्रम उघडून पाहावा. आत बहुधा तीन गोष्टी सापडतात: आरशासारखे चकचकीत झालेले लायनर, अर्धे धागे तुटलेली केबल आणि मागच्या पावसाळ्यापासून सुखाने राहत असलेली काळी माती. माती काढा, लायनर पॉलिश पेपरने खरखरीत करा, केबल नवी टाका, लायनर ज्या कॅमवर उघडतात त्याला जरासं ग्रीस लावा. जरासंच. ग्रीसवर प्रेम असलेल्या माणसाकडे हे काम देऊ नका, ते लायनरला लागलं की सगळं मुसळ केरात. ड्रम अंडाकृती झाला असेल तर लेथवर किंचित खरडून घ्या. एवढं केल्यावर ताशी पन्नासने जाणारी बुलेट नीट थांबते. पोळ्याला आणि पंधरा ऑगस्टलाच गाडी काढणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते कुणी मानत नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून पुढची पायरी.

पायरी दुसरी: तरीही पाहिजेच असेल तर कारण तरी नीट सांगावे

'पुतण्याच्या गाडीला डिस्क आहे' हे कारण नव्हे. 'राजदूत ३५० आहे' हे मात्र कारण आहे, आणि चांगलं आहे.

ही गाडी मुळात यामाहाची आरडी ३५०. टू-स्ट्रोक, जुळे सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. जपानमध्ये तिला पुढे डिस्क ब्रेक होता. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ती इथे आणली तेव्हा ताकद बरीच कमी केली, म्हणजे जास्त जोराच्या मॉडेलला साडेतीस हॉर्सपॉवर आणि नंतरच्या सौम्य मॉडेलला सत्तावीस. पण त्यासोबत पुढची डिस्कही काढून ड्रम बसवला. त्या काळी बुलेट अठरा हॉर्सपॉवरच्या आसपास धडधडत होती. त्याच १९८३ मध्ये 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफ राजदूत ३५० घेऊन आला आणि देशभरातल्या पोरांना ती कशी पळवायची ते कळलं. थांबवायची कशी, ते सिनेमात दाखवलं नव्हतं.

राळेगावहून वडकीला गेलं की चव्वेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग लागतो, श्रीनगरहून निघून कन्याकुमारीपर्यंत जाणारा. आरडीवाल्याला तिथे पोचल्यावर कन्याकुमारी जवळच वाटू लागते. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी अंगात आल्यासारखी सुटते. नेमकं त्याच वेळी समोर कापसाने शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर जिनिंगकडे वळतो. मागचा लाल दिवा? असतो, डिक्कीत.

आरडीच्या ड्रमबद्दल एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. त्याला दोन कॅम असतात आणि बाहेरून एक जोडसळी त्यांना बांधते. ती सळी नीट जुळवली की दोन्ही लायनर एकदम टेकतात आणि ब्रेक बराच सुधारतो. ती जुळवून पाहण्याआधीच निम्म्या मालकांनी डिस्क बसवून टाकली. पण लांब उतारावर ड्रम तापतो आणि पकड सुटत जाते, हेही खरंच. तेव्हा महामार्गावर जाणाऱ्या आरडीला डिस्क बसवायला आमची हरकत नाही. बुलेटवाल्यांपैकी ज्यांना धीर नाही ते थंडरबर्डचा पुढचा भाग चढवतात. तेही चालतं. मूळ चाक, ड्रम आणि काटा मात्र पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावा, भंगारात देऊ नये. फ्रेमला करवत लावू नये, वेल्डिंग तर नाहीच. 'व्हीए' नंबर मागायला जाल त्या दिवशी 'मूळ रूप' हे दोन शब्द आठवतील. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांविषयी आहे. ते आधी वाचावं, आरटीओसमोर उभं राहून नव्हे.

पायरी तिसरी: जिनिंगमध्ये जाऊन यावे

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे आणि त्यासाठी पुस्तक लागत नाही. राळेगावात राहून जिनिंग-प्रेसिंग पाहिली नाही असा माणूस विरळा. सरकी निघाल्यावर रुई प्रेसमध्ये दाबतात आणि १७० किलोची गाठ बाहेर पडते. ढगासारखी पसरलेली रुई एवढ्याशा गाठीत कोंबणारा जोर तेलाच्या दाबाचा असतो. पंप तेल ढकलतो आणि ते तेल एका जाड पिस्टनला रेटतं.

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये हेच घडतं. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये बारीक पिस्टन, खाली चाकाजवळ कॅलिपरमध्ये जाड पिस्टन, मध्ये तेल. पास्कलचा नियम असा की कोंडलेल्या तेलातला दाब सगळीकडे सारखा. मग खाली जोर वाढतो कसा? खालच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून. वरच्या पिस्टनपेक्षा तो जितका ऐसपैस, तितक्या पट जोर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे एखाद-दोन मिलिमीटरचा फरकही पुष्कळ होतो. शाळेतलं गणित इतक्या उशिरा असं कामी येतं.

आता हिशेब. कॅलिपरमध्ये ३८ मिलिमीटरचा एक पिस्टन आहे असं धरू. बोटांनी सहा किलोचा जोर लावला आणि लिव्हरची पट सहा असेल तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर ३६ किलो येतात. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतल्या पोकळीचा व्यास) १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असेल तर जोर जवळपास नऊ पट होतो आणि डिस्कला दाबणाऱ्या पॅडवर ३२० किलो पडतात. जवळजवळ दोन गाठी. बोअर १४ असेल तर सात पटींहून थोडं जास्त, दीड गाठ. आणि १६ असेल तर २०० किलो, म्हणजे एक गाठ आणि वर थोडी रुई.

पुन्हा वाचा. बोअर वाढत गेला, तसा जोर कमी होत गेला. इथे चहा घ्यावा.

पायरी चौथी: 'मोठा टाका न भाऊ' या वाक्याला उत्तर तयार ठेवावे

हे वाक्य तुम्हाला गॅरेजात ऐकायला मिळेल. मिस्त्री मनाने चांगला असतो, हात त्याचा सोन्याचा असतो, पण मोठ्या वस्तूवर त्याची श्रद्धा असते.

"लहानशात काय दम रायते? मोठाच टाका न भाऊ."

"मोठ्यात जोर कमी होतो."

"कोन सांगतलं तुमाले? जीपचा टाकून देतो, गाडी जाग्यावर उभी रायते पाय."

जीपचा बसवून पाहायची गरज नाही, कागदावरच बसवू. जुन्या विलीज जीपच्या मास्टर सिलिंडरचा बोअर एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. तोच कॅलिपर, तीच बोटं, तोच सहा किलोचा जोर. पॅडवर येतात ऐंशी किलो. अर्धी गाठसुद्धा नाही. जीपला तो चालतो, कारण तिथे माणूस अख्ख्या पायाने पेडल दाबतो. हँडलवर पाय ठेवायची सोय राळेगावातल्या कुठल्याही गाडीला नाही.

फसवणूक होते ती बोटांची. मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर लावला की लिव्हर कडक होतो, थोडासाच हलतो आणि दगडासारखा थांबतो. माणूस खूश होतो, "व्वा, काय टणक ब्रेक आहे!" टणक लिव्हर झाला, ब्रेक नाही. लहान बोअरचा लिव्हर जरा लांब ओढावा लागतो, थोडा मऊ लागतो आणि गाडी मात्र थांबवतो. गॅरेजात उभ्या गाडीचा लिव्हर दाबून मान डोलावणाऱ्यांचं ऐकू नये. उभी गाडी सगळ्याच मास्टर सिलिंडरांनी उभी राहते.

मिस्त्रीला जीपचं पटलं नाही तर त्याला नॉर्टन कमांडोची गोष्ट सांगा. इंग्लंडच्या या देखण्या गाडीला १९७२ मध्ये पुढे लॉकहीडची डिस्क आली. मास्टर सिलिंडरचा बोअर पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर. ब्रेक लाकडी निघाला: दाबा, दाबा आणि देवाला हाक मारा. पुढे जगभरच्या नॉर्टनवाल्यांनी त्याच सिलिंडरात स्लीव्ह, म्हणजे आत बसणारी नळी, टाकून बोअर १३ मिलिमीटरवर आणला. डिस्क तीच, पॅड तेच, हात तेच, आणि दाब जवळजवळ दीडपट. ही त्या गाडीतली सगळ्यात गाजलेली सुधारणा, आणि ती केली एक वस्तू लहान करून. आपल्याकडे हे कुणी ऐकून घेत नाही, कारण लहान वस्तू घेऊन घरी आलो तर दुकानदाराने फसवलं असं वाटतं.

तरीही उलट टोक गाठू नये. ११ मिलिमीटरचा बोअर घेतला तर जोर बारा पट होईल खरा, पण लिव्हर किती ओढावा लागेल? पॅड डिस्कला भिडवायला कॅलिपरचा पिस्टन ०.३ मिलिमीटर सरकायला हवा असं धरू. १६च्या बोअरला बोटांपाशी लिव्हर दहा-अकरा मिलिमीटर हलेल, अर्ध्या इंचाच्या बोअरला सोळा आणि ११च्या बोअरला एकवीस-बावीस. त्यात तेल खाली नेणारा होज पाइप जुना असेल तर तो फुगतो, पॅड झिजले की अजून ओढ लागते, आणि एके दिवशी लिव्हर थेट मुठीला टेकतो. तिथून पुढे ब्रेक लागत नाही, कितीही दाबा. म्हणून एका ३८च्या पिस्टनसाठी अर्धा इंच ते १४ मिलिमीटर, याच पट्ट्यात राहावे. २७ मिलिमीटरचे दोन पिस्टन एकाच बाजूला असलेला कॅलिपर असेल तरी उत्तर हेच, कारण दोन सत्तावीस मिळून एका अडतीसएवढेच भरतात. पिस्टन डिस्कच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असतील तर या हिशेबात एकाच बाजूचे मोजावेत. दोन्ही बाजूंचे मोजून स्वतःचं समाधान करून घेणारे पुष्कळ आहेत.

पायरी पाचवी: खालून वर मोजावे

वरच्या हिशेबातून एक गोष्ट निघते. आधी कॅलिपर ठरतो, मग मास्टर सिलिंडर. प्रत्यक्षात उलटं होतं. दुकानात काचेखाली एक चकचकीत, लाल डबीचा सिलिंडर दिसतो, तो घेतला जातो आणि मग त्याला शोभेल असा कॅलिपर शोधायला दुसरी फेरी. रंग पाहून घेतलेला मास्टर सिलिंडर रंगानेच ब्रेक लावतो.

कॅलिपरचा पिस्टन व्हर्निअरने मोजा. मास्टर सिलिंडरचा बोअर पुष्कळदा त्याच्या अंगावर, खालच्या बाजूला ओतीव अक्षरांत असतो: ११, १४, नाहीतर इंचाचा अपूर्णांक. नसेल तर दुकानदाराला विचारा. तो म्हणेल, "पल्सरचा आहे." त्याच्या दृष्टीने हे माप आहे. तुम्ही नम्रपणे मिलिमीटर मागा. आपल्याकडच्या लोकप्रिय गाड्यांचे डिस्क ब्रेक वाळूजला एन्ड्युरन्स बनवते, पुण्याजवळ चाकणला ब्रेम्बोचा कारखाना बायब्रे नावाने बनवतो. याच गाड्यांचे अस्सल पार्ट सगळीकडे मिळतात आणि ते नीट मोजून वापरले तर विंटेज गाडीलाही चालतात. परदेशी, महागडं, रेसचं नाव असलेलं काही घेण्याची गरज नाही. अस्सल नावाच्या डब्यात नक्कल विकणारेही आहेत, आणि त्यांची छपाई अस्सलपेक्षा देखणी असते.

आता चिल्लर गोष्टी. चिल्लर म्हणायचं इतकंच, गाडी अडते ती यांच्यामुळेच.

हँडलचा व्यास बहुतेक जुन्या गाड्यांचा सात अष्टमांश इंच, म्हणजे २२ मिलिमीटरच्या आसपास. तिथे क्लॅम्प बसतो. होज पाइपचा बोल्ट मात्र दहा मिलिमीटरचा असला तरी त्याचे आटे दोन जातींचे असतात: एक १ मिलिमीटरच्या अंतराचे, दुसरे १.२५ च्या. दोन्ही बोल्ट डोळ्यांना सख्खे भाऊ. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो, आणि मग कुणीतरी म्हणतो, "पाना मोठा आण." तिथेच ॲल्युमिनियमचे आटे संपतात. जुन्या इंग्रजी ब्रेकला तर इंची आटे असतात. बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वॉशर हवेत आणि ते दर वेळी नवेच हवेत. ब्रेक लाइटचा स्विच सिलिंडरवर आहे का पाहा. नसेल तर मागच्या ट्रॅक्टरला तुमच्या मनातलं कसं कळणार? तेलाची डबी हँडल सरळ असताना शक्यतो आडवी, समपातळीत राहिली पाहिजे. बुलेटला उंच, मागे वळलेलं हँडल लावणाऱ्यांनी हे आधी पाहावं, तेल जीन्सवर सांडल्यावर नव्हे.

ज्यांना जुन्या गाडीच्या हँडलवर ती प्लॅस्टिकची डबी डोळ्यांना खुपते, त्यांच्यासाठी बीएमडब्ल्यूने सत्तरच्या दशकात एक युक्ती केली होती. लिव्हरपासून केबलच ठेवली आणि मास्टर सिलिंडर पेट्रोलच्या टाकीखाली लपवला. वरून गाडी जुनी, आतून तेल. हे राळेगावात करता येतं, पण मिस्त्रीला समजावून सांगण्यात एक उन्हाळा जातो.

मागच्या चाकाचा मास्टर सिलिंडर पायाच्या पेडलने चालतो. त्याची डबी वेगळी आणि बोअरचं गणितही वेगळं. तो पुढे बसवू नये. बसतो, म्हणून बसवू नये.

पायरी सहावी: जुनाच दुरुस्त करावा का?

सिलिंडर गाडीसोबत आला असेल तर हा प्रश्न येतोच, आणि 'फक्त किट टाका' हे उत्तरही येतं. उघडून पाहा. आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत असेल तर किट टाका: पिस्टन, स्प्रिंग, रबराचे वॉशर आणि लॉक, सगळं एकाच पुडीत मिळतं. भिंतीवर बारीक खड्डे असतील तर पॉलिश पेपर फिरवून उपयोग नाही. नवं रबर त्या खड्ड्यांवरून जाताना किसलं जातं आणि दोन महिन्यांत लिव्हरपाशी पुन्हा घाम फुटतो. स्लीव्ह टाकणारा चांगला कारागीर नसेल तर नवा घ्या. ब्रेकच्या बाबतीत काटकसर करणाऱ्याने ती मडगार्डवर करावी.

डबीच्या तळाशी दोन भोकं असतात, एक मोठं, एक सुईच्या टोकाएवढं. ते छोटं भोक कचऱ्याने बुजलं, किंवा लिव्हरला थोडी ढील न ठेवल्यामुळे पिस्टन पुरता मागे आला नाही, तर तेलाला परतीची वाट राहत नाही. मग मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे निघालेला असताना, उन्हात उभी गाडी आपोआप ब्रेक लावून बसते. तेल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, आणि चाक जाम. गावात याला 'गाडी रुसली' म्हणतात आणि ती ढकलत सावलीत नेतात. सावलीत ती सुटतेही, त्यामुळे कारण कुणी शोधत नाही. भोक तारेने टोकरू नका, हवेच्या झोताने साफ करा.

पायरी सातवी: तेल

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. जे लिहिलं तेच घालावे. डॉट ४ कोरं असताना २३० अंशांखाली उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी पितं आणि पाणी प्यायल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. म्हणून गॅरेजच्या फळीवर दोन वर्षं झाकण उघडं पडलेल्या डब्यातलं 'थोडंसं उरलेलं' तेल फुकट मिळालं तरी घेऊ नये. इंजिन ऑइल घालू नये, रबर फुगतं. सरकीचं तेल घालू नये, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे, डॉट ४ शी ते मिसळू नये. आणि नावाने भाऊ वाटणारं डॉट ५.१ हे मात्र डॉट ४च्या घराण्यातलं. नाव ठेवणाऱ्याला कुणीतरी जाब विचारायला हवा होता.

हे तेल टाकीवर सांडलं तर रंग उठतो. आजोबांच्या बुलेटवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा एका थेंबात जातात. टाकीवर जाड ओलं फडकं टाकूनच काम करावे, बाजूला पाण्याची बादली ठेवावी.

पायरी आठवी: हवा काढणे

यासाठी दोघं लागतात, एक लिव्हर दाबणारा, एक निप्पल उघडणारा, आणि दोघांचं भांडण नसावं. कॅलिपरवरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवा. दाब, धर, उघड, बंद, सोड. याच क्रमाने. 'सोड' हा शब्द 'बंद'च्या आधी आला की हवा पुन्हा आत आणि काम पहिल्यापासून. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. तरीही लिव्हर स्पंजासारखा वाटत असेल तर तो रात्रभर मुठीला बांधून ठेवा. बारीक बुडबुडे वर सरकतात आणि सकाळी बराच फरक पडतो. मऊ लिव्हर आणि स्पंजासारखा लिव्हर यांतला भेद इथे कळतो. पहिला जिथे थांबतो तिथेच रोज थांबतो, दुसरा दर वेळी वेगळीकडे.

पायरी नववी: चाचणी

बाजाराच्या दिवशी मेन रोडवर घेऊ नये. कापूस निघून गेलेल्या सपाट वावरात किंवा रिकाम्या मैदानात, ताशी वीसने, हेल्मेट घालून. पहिले काही ब्रेक हळू, नवे पॅड डिस्कवर बसू द्यावेत. होजच्या बोल्टला ओल दिसते का पाहा. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून होज ताणला जातो का पाहा. ढकलून पाहा, चाक मोकळं फिरतं का. मग चाळीस, मग साठ.

आणि एक, जुन्या बुलेटला मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो, गिअर उजव्या. पल्सरवर वाढलेलं पोट्टं घाईच्या वेळी उजवा पाय दाबतं आणि गाडी थांबण्याऐवजी गिअर बदलते. त्याला मास्टर सिलिंडर काहीच करू शकत नाही. चावी देण्याआधी त्या पोट्ट्याला गाडी बंद ठेवून मैदानात बसवा आणि 'ब्रेक' असं ओरडा. बरोबर पाय हलेपर्यंत ओरडत राहा.

सिलिंडर घ्यायला नागपूरला जा, पुण्यात नातेवाईक असतील तर नाना पेठेत जा. जाताना कॅलिपर, जुना होज आणि त्याचा बोल्ट पिशवीत घालून न्या. फोनवरचा फोटो दाखवून घेतलेल्या बोल्टचे आटे जुळत नाहीत आणि त्या एका बोल्टसाठी नागपूरची दुसरी चक्कर पडते.